दोन्हीकडे ‘गोऱ्हे बुद्रुक’च लिहिलंय, मग क्वेरीला ते जुळत का नाही?

खडकवासल्याच्या पाण्याकडेला, हवेली तालुक्यात, गोऱ्हे बुद्रुक नावाचं गाव आहे. एका संस्थेसाठी मी विहिरींच्या पाणीपातळीचा रिपोर्ट काढत होते, एका टेबलात गावांची यादी, दुसऱ्या टेबलात दर महिन्याला विहिरीत टेप सोडून घेतलेली मापं, दोन्ही गावाच्या नावावर जोडली, प्रिंट काढली आणि मीटिंगला घेऊन गेले. तिथे बघते तर गोऱ्हे बुद्रुकच्या पुढे ‘माहिती उपलब्ध नाही’. मापं घेणारी ताई समोरच बसलेली. ती चिडली वगैरे नाही, एवढंच म्हणाली, “मॅडम, मी तर एक महिना पण चुकवला नाही हो.”

मापं सगळी डेटाबेसमध्ये होती. गावाचं नाव दोन्ही टेबलात होतं, स्क्रीनवर एकाखाली एक ठेवून बघितलं तरी काना-मात्रा-वेलांटीचा फरक दिसत नव्हता. तरी क्वेरी म्हणत होती ही दोन वेगळी गावं आहेत.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे ‘नाव जुळत नाही’ हे तीन शब्द आजकाल घरोघरी पोचलेत. पॅन-आधार लिंक करताना, २०१९ पासून चालू असलेल्या पीएम किसानच्या सहा हजारांसाठी, २०२४ मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेच्या अर्जात, कुठेतरी कुणाचं तरी नाव एका यादीत एक आणि दुसऱ्या यादीत दुसरं निघतं आणि मग तो माणूस झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन सेतू केंद्रासमोर रांगेत उभा राहतो. कधी कधी नाव खरंच वेगळं नोंदलेलं असतं, ते मान्य. पण कितीतरी वेळा नाव तेच असतं, माणूस तोच असतो, आणि याद्या जुळवणाऱ्याने जुळवायच्या आधी नीट बघितलेलं नसतं. मी स्वतः याद्या जुळवते म्हणून ही बाजू सांगायचीये.

आधी टेबल, क्वेरी आणि जॉइन

डेटाबेस म्हणजे याद्यांचं कपाट. त्यातली एक यादी म्हणजे टेबल, त्या कपाटाला विचारलेला प्रश्न म्हणजे क्वेरी, आणि दोन याद्या शेजारी ठेवून एकाच गावाच्या किंवा माणसाच्या ओळी एकत्र आणणं म्हणजे जॉइन. शाळेत बाई निकाल भरताना काय करतात, डावं बोट हजेरीपटावर, उजवं बोट मार्कांच्या यादीवर, नाव दिसलं की मार्क उतरवले. हजेरीपटावर ‘शिंदे सुनीता’ आणि मार्कांच्या यादीत ‘सुनिता शिंदे’ असलं तरी बाई अडत नाहीत, कारण सुनीता त्यांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसते हे त्यांना माहीत असतं. संगणकाला सुनीता माहीत नाही. त्याच्यापुढे फक्त दोन चिठ्ठ्या आहेत आणि त्या तंतोतंत सारख्या आहेत की नाहीत एवढंच तो सांगू शकतो.

आणि इथे पहिला खड्डा असा की साधा जॉइन केला, ज्याला इनर जॉइन म्हणतात, तर न जुळलेल्या ओळी गुपचूप गळून जातात. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, यादी फक्त थोडी छोटी होते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. लेफ्ट जॉइन केला तर डावीकडच्या सगळ्या ओळी राहतात आणि जिथे जोडी मिळाली नाही तिथे रिकामी जागा दिसते. म्हणून याद्या पहिल्यांदा जुळवताना नेहमी लेफ्ट जॉइन करा, उजवीकडचा कॉलम रिकामा आलेल्या ओळी वेगळ्या काढा, मग टेबलांची अदलाबदल करून तेच परत करा. खरं काम जुळलेल्या ओळींत नसतंच, या दोन उरलेल्या याद्यांत असतं.

तुम्ही रांगोळी बघता, संगणक हात कसा फिरला ते बघतो

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यासमोर आणा. दोघी जणींनी अगदी सारखी काढली, पण एकीने आधी पाकळ्या काढून मग देठ काढला आणि दुसरीने देठापासून सुरुवात केली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन्ही रांगोळ्या एकच. संगणकाकडे मात्र रांगोळी नसते, कुठली रेघ कुठल्या क्रमाने आली याची वही असते आणि तो त्या दोन वह्या ताडून बघतो.

अक्षरांचं हेच आहे. जगातल्या बहुतेक सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेला नंबर द्यायची जी पद्धत आहे तिला युनिकोड म्हणतात, आणि देवनागरीला त्यात २३०४ ते २४३१ असे १२८ नंबर राखून ठेवलेत. र हा २३५२, ल २३५४, ळ २३५५. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह म्हणजे हलंत, यांनाही प्रत्येकी स्वतंत्र नंबर. आपल्याला ‘गोऱ्हे’ हे दोन अक्षरांचं नाव वाटतं, संगणकाला ते ग, ओकार, ऱ, हलंत, ह, एकार असं सहा नंबरांचं वाटतं.

आता त्यातला ऱ बघा, हा खास आपल्या मराठीचा प्रश्न आहे. आपल्याकडे र दोन तऱ्हेने जोडला जातो, ‘आचार्यांना’ मध्ये वर रफार होऊन आणि ‘आचाऱ्यांना’ मध्ये आडवी लहर होऊन, आणि दोन्हींचा अर्थ वेगळा, एकात गुरुजी आहेत आणि दुसऱ्यात स्वयंपाकी. ही आडवी लहर टाईप करायचे रस्ते मात्र एकाहून जास्त आहेत. एक, खाली ठिपका असलेल्या ऱ साठी वेगळा नंबर आहे २३५३, तो घेऊन पुढे हलंत. दोन, साधा र, हलंत आणि मग एक अदृश्य चिन्ह, नंबर ८२०५, झिरो विड्थ जॉइनर नावाचं, ज्याची रुंदीच शून्य असल्यामुळे ते स्क्रीनवर कधी दिसत नाही. तीन, साधा र, त्याखाली सुटा नुक्ता म्हणजे खालचा ठिपका, मग हलंत. तिन्ही रस्त्यांनी स्क्रीनवर येतं ‘गोऱ्हे’ च. पण पहिल्या रस्त्याने सहा नंबर होतात, दुसऱ्या-तिसऱ्याने सात.

माझ्या दोन टेबलांत हेच होतं. गावांची यादी एका कीबोर्डवर टाईप झालेली, मापांची दुसऱ्या, आणि मधे बसलेला ८२०५ कुणाच्या डोळ्याला दिसणं शक्यच नव्हतं.

मग दिसत नाही ते बघायचं कसं

लांबी मोजायची. दोन्हीकडच्या नावाची लांबी क्वेरीतूनच काढा, एकीकडे सहा आणि दुसरीकडे सात आलं की संपलं, काहीतरी लपलंय. फक्त लांबी मोजणारं फंक्शन, म्हणजे डेटाबेसला द्यायची तयार आज्ञा, प्रत्येक डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये वेगळं वागतं, मायएसक्यूएलमध्ये लेंग्थ हे बाइट मोजतं आणि कॅरेक्टर लेंग्थ अक्षरांचे नंबर मोजतं, पोस्टग्रेसमध्ये लेंग्थ म्हणजे अक्षरं, आणि एसक्यूएल सर्व्हरचं लेन तर शेवटच्या स्पेस मोजतच नाही, तिथे डेटालेंग्थ वापरावं लागतं. बाइट म्हणजे साठवणुकीचं माप, नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक नंबर ३ बाइट खातो, म्हणजे सहा नंबरांचा ‘गोऱ्हे’ १८ बाइट आणि सातचा २१.

हे ३ बाइटचं गणित आणखी एका ठिकाणी चावतं. जुन्या सिस्टिममध्ये नावाचा रकाना ३० बाइटचा ठेवलेला असतो, इंग्रजी नावाला भरपूर. आपलं ‘ज्ञानेश्वर’ एकटंच बरोबर ३० बाइटचं आहे, मोजून बघा, दहा नंबर. त्यापुढे वडिलांचं नाव आणि आडनाव कुठे मावणार. काही सिस्टिम अशा वेळी एरर देतात, काही नावाची शेपटी कापून पुढे जातात, आणि कापलेलं नाव पूर्ण नावाशी कसं जुळावं?

लांबी सारखी निघाली आणि तरी जुळत नसेल तर एकेका अक्षराचा नंबर काढून दोन ओळी एकाखाली एक लिहायच्या. कंटाळवाणं आहे, पण एका नावासाठी पाच मिनिटं लागतात, आणि एका नावात जो घोळ सापडतो तोच बहुतेक करून शेकडो ओळींत पसरलेला असतो.

“अदृश्य चिन्हं सगळी उडवून टाका की!”

हे मीही केलं होतं आणि ते चुकलं. ८२०५ सरसकट काढला तर मागे उरतं साधा र, हलंत, ह, म्हणजे ‘गोर्हे’, रफार वाला. अक्षरच बदललं. नावाला स्वच्छ करायला गेले आणि नाव बिघडवून बसले. बरोबर क्रम असा, की आधी जिथे जिथे र-हलंत-८२०५ आहे तिथे ऱ-हलंत घालायचं आणि मग उरलेले ८२०५ आणि त्याचा भाऊ ८२०४ काढायचे.

युनिकोडवाल्यांनी स्वतः एकरूप करायची सोय दिलेली आहे, तिला नॉर्मलायझेशन म्हणतात, पोस्टग्रेसमध्ये तर १३ व्या आवृत्तीपासून त्याचं तयार फंक्शन आहे. ती वापराच, पण तिच्याकडून सगळं होईल असं समजू नका. र अधिक नुक्ता याचा ती ऱ करते, म्हणजे तिसरा रस्ता पहिल्याला येऊन मिळतो. ८२०५ ला ती हात लावत नाही, दुसरा रस्ता तुम्हालाच वळवावा लागतो.

तेच ॲ चं. ‘ॲड.’ लिहिताना कुणी ॲ टाईप करतं ज्याला स्वतःचा नंबर आहे, २४१८, आणि हा नंबर युनिकोडमध्ये आला तोच २००८ मध्ये. त्याआधीचं सगळं लिखाण कुणी अ वर चंद्र देऊन केलं, कुणी हिंदी पद्धतीचा ऍ वापरून. तिन्ही मराठी माणसाला एकच, आणि नॉर्मलायझेशन यातलं काहीही एकत्र आणत नाही. विसर्गाचंही बघा, ‘दुःख’ मधला विसर्ग २३०७ आहे आणि निम्मी माणसं तिथे कीबोर्डवरचा कोलन मारतात, तो ५८. गावांच्या यादीत तर बुद्रुकचं संक्षिप्त रूप ‘बु॥’ असतं आणि तो दुहेरी दंड कधी खरा दंड असतो, कधी दोन सुट्या उभ्या रेघा, कधी टिंब देऊन एक रेघ, आणि कधी आख्खा शब्द.

याच्या उलटही होतं बरं का, दिसतं वेगळं आणि असतं एकच. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल हा निव्वळ फॉन्टचा फरक आहे, आत नंबर तोच, क्वेरीला त्याचा काहीच त्रास नाही.

आणि जुन्या फायली कृतीदेव, श्रीलिपी अशा फॉन्टमधल्या असतील तर तिथे मराठी अक्षरं मुळात नसतातच, इंग्रजी अक्षरांना मराठी चेहरा चढवलेला असतो. त्या आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, आणि आणताना र ची वळणं हमखास मोडतात, त्यामुळे कन्व्हर्ट झाल्यावर ऱ आणि रफार असलेली नावं डोळ्याखालून घालाच.

रिकामी जागा

इंग्रजी डेटा असो की मराठी, सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार निघते ती स्पेस. नावाच्या शेवटी चुकून पडलेली, दोन शब्दांच्या मधे दोनदा पडलेली. ट्रिम फंक्शन कडेच्या स्पेस काढतं, मधल्या काढत नाही, आणि तेही आपणहून फक्त साध्या स्पेस काढतं, नंबर ३२ वाल्या. वेबपेजवरून किंवा पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुरात १६० नंबरची स्पेस येते, दिसायला तशीच, ट्रिमला ती ओळखता येत नाही, एक्सेलच्या ट्रिमलाही नाही. विंडोजवर बनवलेली फाइल दुसरीकडे चढवली की ओळीच्या शेवटी १३ नंबरचं एक अदृश्य चिन्ह चिकटून येतं, आणि ते नेमकं शेवटच्या कॉलमला चिकटतं, म्हणजे बाकी सगळे कॉलम जुळतात आणि शेवटचा एकही जुळत नाही. असं दिसलं की ९९ टक्के १३ च आहे म्हणून शोधायला लागा.

एक गोष्ट मात्र फार गोंधळात टाकते, की तीच क्वेरी एका डेटाबेसवर चालते आणि दुसऱ्यावर नाही. तुलना करायची जी नियमावली असते तिला कोलेशन म्हणतात, लहान-मोठं अक्षर एक धरायचं का, शेवटची स्पेस धरायची का, हे सगळं तिथे ठरतं. एसक्यूएल सर्व्हर बरोबरीच्या चिन्हाने तुलना करताना शेवटच्या स्पेसकडे दुर्लक्ष करतो. मायएसक्यूएलची जुनी कोलेशन्सही तेच करायची, पण ८.० पासून जी आपोआप लागते ती तसं करत नाही, म्हणून सर्व्हर अपग्रेड केल्यावर ‘काल चालत होतं’ अशी तक्रार येते आणि ती खरी असते. पोस्टग्रेसच्या टेक्स्ट कॉलममध्ये शेवटची स्पेस म्हणजे सरळ वेगळं नाव. दोन टेबलांची कोलेशन्सच वेगळी असली तर काही डेटाबेस तुलनाच नाकारतात, मायएसक्यूएल १२६७ नंबरची एरर देतो आणि एसक्यूएल सर्व्हर ४६८. एरर आली तर वाईट वाटून घेऊ नका, गपचूप चुकीचं उत्तर मिळण्यापेक्षा ते हजारपट बरं.

“त्यापेक्षा सगळी नावं इंग्रजीतच ठेवा ना”

हे मला प्रत्येक ट्रेनिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, आणि त्या माणसाला मी जाधव लिहायला सांगते. पुण्या-साताऱ्याकडचे शेवटी व्ही लिहितात, विदर्भातले बरेच जण ओ लिहितात. वाघ काही जण डब्ल्यूने लिहितात काही जण व्हीने. पाटीलमध्ये एक आय की दोन ई, चव्हाणमध्ये सी एच नंतर किती ए आणि मधला एच ठेवायचा का, याची उत्तरं ज्याची त्याला. मराठीत जाधव एकाच तऱ्हेने लिहितात हो. इंग्रजीत गेलात की अदृश्य चिन्हांचा त्रास कमी होतो आणि स्पेलिंगचा वाढतो.

सारख्या उच्चाराची नावं पकडायला साउंडेक्स नावाची पद्धत आहे, तिचं पहिलं पेटंट अमेरिकेत १९१८ चं, आणि ती आजही बऱ्याच डेटाबेसमध्ये तयार मिळते. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं आणि पुढच्या व्यंजनांचे तीन आकडे करायचे. पण ती इंग्रजी उच्चारांसाठी बेतलेली आहे. व्हीवाल्या जाधवचा कोड येतो जे-३१०, ओवाल्याचा जे-३००. वाघचं तर पहिलंच अक्षर बदलतं, एक कोड डब्ल्यू-२००, दुसरा व्ही-२००. म्हणजे जी जोडी पकडायला आपण ती लावली तीच निसटते.

“मग थोडंफार सारखं असलं तरी चालेल असं सांगता येत नाही का?”

येतं, आणि इथेच सगळ्यात जास्त सांभाळायचंय.

एक रस्ता म्हणजे लाइक, ‘वडगाव’ ने सुरू होणारं काहीही घे असं सांगणं. मग वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक सगळी एकदम आत येतात. जुळलेल्या ओळींचा आकडा वाढला म्हणून बरं वाटतं आणि आकडे चुकीच्या गावाला चिकटलेले असतात.

दुसरा रस्ता म्हणजे अंतर मोजणं. एका शब्दातली किती अक्षरं बदलली, घातली किंवा काढली की दुसरा शब्द होतो, त्या संख्येला लेव्हेन्श्टाइन अंतर म्हणतात, रशियन गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडलेलं. कल्पना छानच आहे. आता हे करून बघा. ‘सविता’ आणि ‘कविता’ यांच्यातलं अंतर एक, स चा क केला की झालं. आणि ‘गोऱ्हे’ चे ते पहिल्या आणि दुसऱ्या रस्त्याने टाईप केलेले दोन अवतार, जे डोळ्याला अगदी एक दिसतात, त्यांच्यातलं अंतर दोन, ऱ चा र करा आणि ८२०५ घाला. म्हणजे या मोजपट्टीने सविता आणि कविता एकमेकींच्या जास्त जवळ आणि एकच गाव स्वतःपासून लांब. सविता-कविता या एका घरातल्या बहिणी किंवा जावा असल्या तर आडनाव एक, पत्ता एक, मधलं नावही एक असू शकतं. ‘एक अक्षराचा फरक चालेल’ असा नियम लावला की एकीचे पैसे दुसरीच्या नावावर लागतील आणि पहिली चकरा मारत राहील. न जुळलेली ओळ निदान ओरडते तरी, चुकीची जुळलेली ओळ गप्प बसते.

म्हणून अंदाजे जुळणी ही फक्त उमेदवार सुचवायला वापरावी, ‘ह्या दोन ओळी एक असतील का’ असा प्रश्न माणसापुढे ठेवायला. हो किंवा नाही हे माणसाने म्हणायचं, आणि शक्यतो त्या गावच्या माणसाने. हल्ली एआयलाही यादी देतात जुळवायला, त्यालाही माझं हेच लागू, सुचवू दे, ठरवू देऊ नका.

रिकामा रकाना आणि दुप्पट झालेल्या ओळी

हे दोन मुद्दे पटकन सांगते, पण दोन्हींनी माझे रिपोर्ट बिघडवलेत. डेटाबेसमध्ये ‘माहीत नाही’ याला नल म्हणतात, आणि नल कशाच्याच बरोबर नसतो, दुसऱ्या नलच्या सुद्धा, कारण दोन अनोळखी माणसांची नावं माहीत नसली म्हणून ते एकच माणूस होत नाहीत. पहिलं, मधलं, आडनाव जोडून पूर्ण नाव करताना मधलं नल असलं तर काही डेटाबेसमध्ये आख्खं नावच नल होऊन जातं. आणि ‘या यादीत नसलेले दाखव’ म्हणून नॉट इन लावलं आणि आतल्या यादीत एक जरी नल असला तर उत्तर येतं शून्य ओळी. बघणाऱ्याला वाटतं सगळे जुळले. नॉट एक्झिस्ट्स लावा तिथे.

दुसरं, एका नावाची दोन गावं उजव्या टेबलात असली तर डावीकडची एक ओळ दोनदा येते आणि बेरीज फुगते. जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजायची सवय लावून घ्या.

“मग नावावर जुळवताच कशाला, नंबरवर जुळवा”

हा आक्षेप पूर्ण बरोबर आहे. जिथे कोड असेल तिथे कोडवरच जुळवा. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत गावांना कोड आहेत, २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड आहे. नावं बदलतात, कोडवर जोडलेलं काम तगतं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर, आणि जिल्ह्याच्या नावावर जोडलेल्या कितीतरी शीट त्या त्या वेळी अर्ध्या रिकाम्या झाल्या. माणसांच्या नावाची घडणही बदलतेय, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नोंदीत राज्यात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम आहे. चांगलीच गोष्ट आहे ती, पण ‘दुसरा शब्द म्हणजे वडिलांचं नाव’ असं गृहीत धरणाऱ्या सगळ्या क्वेरी आता तपासाव्या लागतील.

फक्त नंबर घेतला की सुटलो असंही नाही. एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच नंबर अचूक ठेवतं, सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होऊन बसतो. नंबरच्या सुरुवातीची शून्यं उडतात. आणि सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर! १२/३ असा गट नंबर टाईप केला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, सातबाराच्या राज्यात याने किती नुकसान होत असेल विचार करा. जगात हे इतकं झालंय की मार्च आणि सप्टेंबरसारखी दिसणारी काही जनुकांची नावं शास्त्रज्ञांच्या नामकरण समितीने २०२० मध्ये शेवटी बदलली. तेव्हा असे कॉलम फाइल उघडायच्या आधीच टेक्स्ट म्हणून ठरवून घ्या. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडेही वेगळे नंबर आहेत, मराठी १ हा २४०७, इंग्रजी एक ४९, डेटाबेसला ते एक वाटतीलच असं नाही.

आणि माणसांसाठी आधार नंबर सगळीकडे लावा म्हणाल तर तो हवा तसा गोळा करायला आणि साठवायला कायद्याने मोकळीक नाही, सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या निकालात खासगी वापरावर बंधनं घातली आहेत. संस्थेने स्वतःचा सभासद नंबर द्यावा आणि तोच शेवटपर्यंत चालवावा.

आता मी कशी करते

मूळ कॉलमला हात लावत नाही. माणसाने जसं नाव दिलं तसं ते राहतं. शेजारी एक ‘तुलनेचं नाव’ असा कॉलम करते, त्यात नॉर्मलायझेशन, र-८२०५ चा ऱ, स्पेसची साफसफाई, विसर्ग-कोलन, बु॥ चा बुद्रुक एवढंच करते, याच क्रमाने, आणि तो कॉलम एकदाच भरून ठेवते, दर क्वेरीत तेच तेच फंक्शन चालवलं की मोठ्या टेबलावर जीव जातो. ऱ्हस्व-दीर्घ मात्र आपणहून बदलत नाही, सुनिता आणि सुनीता दोघी एकाच गावात असू शकतात.

त्यानंतर जे उरतं त्याच्यासाठी एक छोटं टेबल आहे, त्यात डावीकडे नावाचं आलेलं रूप आणि उजवीकडे गावाचा कोड. ते टेबल मी भरत नाही, न जुळलेली नावं दर महिन्याला मोठ्या अक्षरात छापून मापं घेणाऱ्या ताईंकडे जातात आणि त्या पेनाने लिहून देतात हे कुठलं गाव ते. दोन गावांवर शंका असली की त्या फोन करून विचारतात. आणि रिपोर्टमध्ये ‘माहिती उपलब्ध नाही’ हे वाक्य आता येत नाही, मापं असून गाव जुळलं नसेल तर ‘जुळणी बाकी’ असं येतं, खाली माझं नाव आणि फोन नंबर.

गोऱ्हे बुद्रुकची त्या टेबलात सात रूपं जमली होती. मागच्या आठवड्यात आठवं आलं, ताईने मोबाइलवर बोलून टाईप केलेलं, ‘गोरे बुद्रुक’. समोर कोड तिनेच लिहून पाठवला.